अंतरपाटावरची सावली : लग्नाचे फोटो, उजेडाचे प्रयोग आणि चार लोकांची टीका



लग्नसराई जवळ आली की आमच्या मंडळाच्या छायाचित्रण गटाकडे दोन प्रकारची माणसे येतात. एक म्हणजे घरी कार्य असलेली, "तुमच्यापैकी कोणी फोटो काढायला येईल का हो?" असे विचारणारी. दुसरी म्हणजे नवा कॅमेरा घेतलेली हौशी मंडळी. यांना लग्नात "काहीतरी वेगळे" करून पाहायचे असते. घरच्यांना विधी दिसायला हवे असतात, मामा, आत्या, मावशी ओळखू यायला हव्या असतात, आणि सांगली-साताऱ्याच्या ज्या आजीला एवढा प्रवास झेपला नाही तिला नातीचे लग्न कसे लागले ते कळायला हवे असते. हौशी मंडळींना उजेडाशी खेळायचे असते. दोन्ही जमते असे आमचे मत आहे, पण त्यासाठी कशाआधी काय करायचे हे पक्के ठरलेले लागते. शिवाय काढलेले फोटो चार लोकांपुढे ठेवून बोलणी ऐकून घ्यायची तयारीही लागते. या दोन्ही गोष्टींबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी जागेचे बोलू. गावाकडे मांडवाचे कापड असते. त्यातून ऊन गाळून खाली येते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखे पसरते. फोटो काढणाऱ्याला हा मऊ उजेड फुकटात मिळतो. इथे अमेरिकेत लग्न बहुतेक हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये. खिडक्या नाहीत, छत उंच, वर पिवळी झुंबरे, भिंतीला डीजेने लावलेले जांभळे-निळे एलईडी दिवे, आणि एखादे दार उघडले की बाहेरचा पांढरा उजेड आत. डोळ्यांना हे खटकत नाही, कारण मेंदू सावरून घेतो. कॅमेरा मात्र जे आहे ते दाखवतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: समईच्या ज्योतीचा साधारण १९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा २७०० ते ३२००, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास. आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा-तांबूस. एकाच चेहऱ्यावर डावीकडून झुंबर आणि उजवीकडून फ्लॅश पडला तर अर्धा चेहरा नारिंगी आणि अर्धा निळसर दिसतो, आणि नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी दोन्ही अर्धे एकाच वेळी नीट होत नाहीत.

यावर उपाय जुनाच आहे. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जिलेटिनचा तुकडा लावायचा, म्हणजे फ्लॅशही झुंबरासारखा पिवळा होतो, आणि मग कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स त्या एका रंगाला बांधायचा. जांभळ्या दिव्यांवर मात्र जिलेटिन चालत नाही, तिथे डीजेशी बोलावे लागते. "विधी चालू असताना दिवे पांढरे किंवा फिकट पिवळे ठेवा, रिसेप्शनला हवे ते रंग लावा" एवढे आदल्या दिवशी सांगितले की काम होते. आमच्या बैठकीत आलेल्या एका फोटोत नवरदेव सप्तपदी घालत होता आणि चेहरा वांग्याच्या रंगाचा! बैठकीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी पाहिल्याबरोबर विचारले, "याला ऑक्सिजन दिला होता का?"

एलईडी दिव्यांची आणखी एक गंमत आहे. विजेवर चालणारे बरेच दिवे आपल्याला न दिसता लुकलुकत असतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला १२० वेळा. भारतात आणि ब्रिटनमध्ये ५० हर्ट्झची, म्हणून १०० वेळा. हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यात आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावले की फोटोवर आडवे काळे पट्टे येतात ते यामुळेच. इथे शटर १/६० किंवा १/१२५ च्या आसपास ठेवावे, पुण्या-मुंबईत १/५० किंवा १/१००. साखरपुडा तिकडे आणि लग्न इकडे करणाऱ्या कुटुंबांचे फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. सगळेच दिवे या हिशेबाने वागत नाहीत, विशेषतः स्टेजवरच्या एलईडी पडद्यांचे गणित वेगळे असते. तेव्हा आधी चार फोटो काढून पडताळणे उत्तम.

आता प्रयोगांकडे येऊ. सुरुवात हळदीपासून करावी, कारण तिथे मुहूर्ताची घाई नसते आणि चुकले तरी कोणी रागावत नाही. इकडच्या घरांत हळद बहुधा गॅरेजमध्ये लागते, कारण गालिचा खराब होण्याची भीती! पण उजेडाच्या दृष्टीने गॅरेज ही घरातली सर्वांत उत्तम जागा आहे असे आमचे ठाम मत आहे. मोठे दार पूर्ण वर केले की दहा-पंधरा फूट रुंदीची खिडकीच तयार होते. नवरीचा चौरंग दारापासून चार-पाच फूट आत, ऊन अंगावर पडणार नाही असा ठेवायचा, तोंड दाराकडे. चेहऱ्यावर मऊ, एकसारखा उजेड येतो आणि मागचे रंगाचे डबे, सायकली अंधारात बुडतात. चौरंग थोडा तिरका केला तर चेहऱ्याच्या एका बाजूला हलकी सावली येते आणि नाकाची चाफेकळी उठून दिसते. ऑटो व्हाइट बॅलन्स मात्र बंद ठेवावा. चौकटभर पिवळे दिसले की कॅमेऱ्याला वाटते उजेडच पिवळा आहे, आणि तो हळदीचा रंग धुऊन टाकतो. मग पिठले लावल्यासारखे दिसते.

लग्न बागेत असेल तर वेळ बघावी. मुहूर्त काही फोटोवाल्याला विचारून काढत नाहीत, पण सूर्य कुठे असेल हे आधी कळू शकते. न्यू जर्सीत जूनमध्ये घड्याळ एक तास पुढे असल्याने सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमारास. म्हणजे साडेबाराचा मुहूर्त हा अगदी भर माथ्यावरच्या उन्हातला. अशा उन्हात फेट्याची सावली डोळ्यांवर येते आणि मुंडावळ्यांच्या मोत्यांच्या रेघा गालांवर उमटतात. वर पांढरे कापड ताणले की झाले. तोच आपला मांडव!

हॉलमध्ये फ्लॅश सरळ चेहऱ्यावर मारण्याऐवजी छतावर किंवा भिंतीवर मारून परतवावा हे आता बहुतेकांना माहीत असते. का ते सांगतो. उजेडाचा उगम जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ. फ्लॅशचे तोंड पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडेसेच मोठे, पण भिंतीवर पसरला की तीच भिंत दिव्याचे काम करते. पण भिंत पांढरी हवी. मरून रंगाच्या पडद्यावरून परतलेला उजेड चेहऱ्यालाही मरून करतो. आणि अंतराचा हिशेब विसरू नये: अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. पंचवीस फूट उंच छतावर फ्लॅश मारणे म्हणजे विहिरीत चमच्याने दूध ओतणे.

आमच्या गटात सर्वांत जास्त चर्चा झालेला प्रयोग अंतरपाटाचा. नवरीच्या मागे उभे राहून फोटो काढायचा. समोर अंतरपाट, पलीकडे नवरदेव. नवरदेवाच्या मागे सहा-सात फुटांवर, छातीच्या उंचीला एक फ्लॅश ठेवायचा आणि तो कॅमेऱ्यावरून रेडिओने चालवायचा. नवरदेवाची फेट्यासकट सावली अंतरपाटावर पडते. माणूस कापडाजवळ आणि दिवा लांब असेल तर सावली रेखीव येते. दिवा जवळ आणला तर सावली मोठी होते आणि कडा विरतात. हॉलचा उजेड जास्त असेल तर सावली पुसट होते. तेव्हा शटर वाढवायचे, कॅमेऱ्याला फ्लॅशबरोबर झेपेल तितके, म्हणजे साधारण १/२०० किंवा १/२५०. फ्लॅशची चमक इतकी छोटी असते की शटर या मर्यादेत वाढवल्याने ती कमी होत नाही. कमी होतो तो फक्त हॉलचा उजेड. ही एक गोष्ट समजली की फ्लॅशच्या निम्म्या युक्त्या आपोआप समजतात. आजूबाजूचा उजेड शटरने कमी-जास्त करायचा, फ्लॅशचा त्याच्या ताकदीने, आणि ॲपर्चर दोन्हींवर चालते.

व्यवहारात अडचणी येतात त्या कापडाच्या. साधा, एकेरी सुती अंतरपाट उत्तम. हल्ली वधूवरांची नावे भरलेले, अस्तर लावलेले मखमली अंतरपाट भारतातून मागवतात. दिसतात झकास, पण त्यातून सूर्यसुद्धा आरपार जायचा नाही. आणि नवरदेवामागे त्याचा मामा, करवली, पाठीराखे असे पाच-सात जण उभे असतात, त्यांच्याही सावल्या पडतात. फ्लॅशचा स्टँड आहे तिथे कोणाचा पदर अडकणार नाही याची काळजी घेणे तर आलेच. गुरुजींना आधी विचारून घ्यावे. बहुतेक गुरुजी हौसेने जागा करून देतात. दिवा न लावताही पांढऱ्या अंतरपाटाचा उपयोग होतो: बाजूने उजेड येत असेल तर तो कापडावरून परतून नवरीच्या चेहऱ्यावर पडतो, आणि खाली घातलेली मानही अंधारात जात नाही.

वेळेचा प्रश्न मंगलाष्टके सोडवतात. नावात अष्टक असले तरी काकू, आत्या आणि वरपक्षाकडील हौशी कवी धरून संख्या कुठवर जाईल याचा नेम नाही! म्हणून आम्ही असे ठरवले आहे: पहिल्या मंगलाष्टकाला साधा, स्वच्छ, सगळे दिसतील असा फोटो. दुसऱ्या-तिसऱ्याला प्रयोग. शेवटचे सुरू झाले की प्रयोगाचा फ्लॅश बंद. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी दोघे एकमेकांकडे बघतात तो फोटो साध्या उजेडात, हमखास येईल असाच काढायचा. तो क्षण परत मागता येत नाही. हातात एकच कॅमेरा असेल तर हा नियम मोडू नये.

अक्षतांचा फोटोही करून पाहण्यासारखा. समोरून फ्लॅश मारला तर तांदळाचे दाणे पांढऱ्या ठिपक्यांसारखे, फोटो खराब झाल्यासारखे दिसतात. फ्लॅश मागून, वधूवरांच्या पलीकडून आणि थोडा उंचावरून आला तर प्रत्येक दाणा काळोख्या पार्श्वभूमीवर चमकतो. फ्लॅशची ताकद कमी, सोळाव्या किंवा बत्तिसाव्या हिश्श्यावर ठेवावी. ताकद कमी केली की साध्या फ्लॅशची चमकही लहान होत जाते, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा पुष्कळ कमी, आणि दाणे हवेत थिजतात. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतील प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी हेच तंत्र वापरून १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला होता. आपल्याकडे दुधाऐवजी तांदूळ!

होमाच्या धुराला मागून उजेड दिला की तो छान उजळतो. पण धूर किती होऊ द्यायचा हे इथे गुरुजींच्या हातात नसून हॉटेलवाल्यांच्या आणि अग्निशमनाच्या नियमांच्या हातात असते, त्यामुळे या प्रयोगावर फार भिस्त ठेवू नये. समईच्या उजेडात फ्लॅश अजिबात नको. चेहरा ज्योतींपासून हातभर अंतरावर, लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ ३२०० ते ६४००, आणि श्वास रोखून १/६०. थोडे दाणेदार आले तर येऊ द्यावे.

रंगाबद्दल मात्र जरा स्पष्ट बोलायला हवे. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते सरासरी करड्या छटेचे धरून हिशेब करतो. पांढरे उपरणे, पांढरे सोवळे आणि सावळा चेहरा एका चौकटीत आले की तो पांढऱ्याला घाबरून सगळेच काळोखे करतो. उपाय म्हणजे चेहऱ्यावरून मीटर घ्यायचा. पण त्याच्या उलट, "जरा उजळ दाखवा हं" अशी सूचना अनेक घरांतून दबक्या आवाजात येते, आणि मग फोटोवाले एक्सपोजर इतके वाढवतात की चेहऱ्याचा तजेला जातो, नथीचे मोती गालात विरघळतात आणि शालूच्या जरीचा नुसता पांढरा डाग उरतो. कोडॅक कंपनीने रंगीत छपाई जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना पुरवलेल्या 'शर्ली' कार्डावर कित्येक वर्षे एका गोऱ्या बाईचाच चेहरा असे. वेगवेगळ्या वर्णांच्या चेहऱ्यांची कार्डे यायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडावा लागला. तो फिल्मचा जमाना गेला, तरी आपण स्वतःहून आपल्या मुलींना शर्ली का करायचे? सावळ्या त्वचेवर बाजूने येणारा मोठा, मऊ उजेड फार सुंदर खुलतो. एक्सपोजर वाढवण्यापेक्षा दिव्याची जागा बदला, असे आम्ही सांगतो.

आता टीकेकडे वळू. चार जणांनी जमून एकमेकांचे फोटो पाहायचे ही रीत आपल्याला नवी नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच सुरू झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार होते. आमची बैठक अगदीच घरगुती. प्रत्येकाने तीनच फोटो आणायचे, आणि तेही छापून. फोनच्या पडद्यावर सगळेच चमकदार दिसते. कागदावर काळोख हा काळोखच राहतो. ज्यांचे फोटो आहेत त्या कुटुंबाची परवानगी आधी घ्यायची. आणि फोटो काढणाऱ्याने पहिली पाच मिनिटे गप्प बसायचे. हा नियम सर्वांना जड जातो. "तेवढ्यात गुरुजी मध्ये आले हो", "हॉलवाल्याने दिवे घालवले" हे एकदा ऐकले की पाहणारे फोटो पाहायचे सोडून सहानुभूती दाखवू लागतात. पण अल्बम पाहणाऱ्याला हे सांगायला आपण तिथे असणार नाही.

"छान", "मस्त" आणि "अप्रतिम" या तीन शब्दांना बैठकीत बंदी आहे. त्याऐवजी आधी उजेड कुठून येतोय ते ओळखायचे. नाकाची सावली आणि डोळ्यांतले चमकते ठिपके पाहिले की दिवे किती आणि कुठे होते ते बिनचूक कळते. मग प्रत्येकाने सांगायचे की आपली नजर पहिल्यांदा कुठे गेली. वरातीतल्या नाचाचा एक फोटो होता. शटर १/८ वर, शेवटी फ्लॅश, त्यामुळे नाचणारे स्पष्ट आणि मागे दिव्यांच्या रेघा. प्रयोग म्हणून झकास. पण सहापैकी पाच जणांची नजर गेली ती दारावरच्या लाल 'एक्झिट' पाटीच्या रेघेवर, जी बरोबर नवरदेवाच्या कपाळातून गेली होती! काढणाऱ्याला ती रेघ तोवर दिसलीच नव्हती. दोन पावले डावीकडे सरकले असते तर टळली असती, हे तिथेच सर्वांना उमगले.

तिसरा प्रश्न आम्ही मुद्दाम ठेवला आहे: हा कोणता विधी चालला आहे? उत्तर कोणालाच देता आले नाही तर उजेडाने विधी गिळला असे समजायचे. इथे बाहेरच्या परीक्षकांची मर्यादाही दिसते. एका स्थानिक फोटो क्लबातले एक अनुभवी गृहस्थ बैठकीला आले होते. त्यांनी कन्यादानाचा फोटो पाहून सांगितले की कडेची गर्दी कापा, फक्त हात ठेवा. आता त्या गर्दीत मुलीची आई पाण्याची धार सोडत होती, मामा मागे उभा होता. ते कापले तर उरते काय? पण त्याच गृहस्थांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती अगदी खरी होती: सगळ्यांच्या सगळ्या फोटोंत उजेड समोरून आणि डोळ्यांच्या उंचीवरून येतो, कारण कोणी जागचे हलतच नाही. टीका ऐकताना असे निवडावे लागते. विधी माहीत नसलेल्याचे मत रचनेपुरते घ्यावे पण उजेडापुरते पूर्ण घ्यावे, कारण उजेड सगळीकडे सारखाच वागतो.

आणि अंतरपाटाचा तो फोटो? समोर नवरीची पाठमोरी काळी आकृती, पांढऱ्या कापडावर नवरदेवाची फेट्याची सावली. बैठकीत सर्वांनी तो उचलून धरला. मग एका सभासदांच्या आई, ज्या भारतातून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्यांनी तो हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारले, "हे कोणाचं लग्न?" खोलीत हशा पिकला, पण प्रश्न बिनतोड होता. दोघांपैकी एकाचाही चेहरा नाही. त्यावर बरीच वादावादी झाली. काहींचे म्हणणे, चेहऱ्यांसाठी बाकीचे पाचशे फोटो आहेत. काहींचे म्हणणे, नवरीच्या बाजूने एक लहानसा उजेड द्यावा, म्हणजे तिचा गाल, नथ आणि मुंडावळी उमटेल आणि सावलीही राहील. पुढच्या लग्नात एका सभासदाने तसे करून पाहिले. करवलीच्या हातातला दिवा नवरीच्या कानाजवळ येईल अशी जागा धरली आणि दुसरा फ्लॅश लावलाच नाही. त्यासाठी शटर पुन्हा १/६० वर आणावे लागले आणि हॉलवाल्यांना अर्धी झुंबरे मंद करायला सांगावे लागले. सावली थोडी फिकी आली, पण गालावर दिव्याचा पिवळा उजेड आला आणि नवरी कोण ते कळू लागले. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर गटातले मत अजूनही अर्धे-अर्धे आहे.

पुढच्या बैठकीला येणाऱ्यांनी तीन छापील फोटो आणावेत, आणि जमल्यास घरातले एक वडीलधारे माणूस. चहा मंडळाकडून.